‘वडिलांना कळू देऊ नका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

वडिलांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा, कर्करोग असल्याची शंका आली किंवा निदान झाले की नात्यागोत्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला हमखास येऊन पोहोचतो. त्याचा आशय असा: सुई लागली की गाठ पसरते, तेव्हा बायोप्सी (सुईने पेशींचा नमुना काढून तपासणे) टाळा; म्हातारपणी हा आजार कोणाचा जीव घेत नाही, तेव्हा उपचारांच्या मागे लागू नका; आणि काहीही झाले तरी वडिलांना आजाराचे नाव कळू देऊ नका, कारण माणूस रोगापेक्षा धास्तीने जातो. पाठवणारे आपलेच असतात आणि त्यांची कळकळही खरी असते, म्हणूनच या सल्ल्याला नीट उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुईच्या मार्गाने पेशी पसरल्याच्या नोंदी आहेत, पण त्या इतक्या विरळ आहेत की त्यापायी तपासणी नाकारणे योग्य ठरत नाही. हा समज बहुधा घटनांच्या क्रमामुळे रुजला असावा. अनेक जण आजार हाडांपर्यंत गेल्यावरच रुग्णालयात येतात, बायोप्सीनंतरच्या स्कॅनमध्ये तो पसरलेला दिसतो आणि दोष सुईवर येतो. खरी जोखीम जंतुसंसर्गाची असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती डॉक्टरांना आधी सांगावी, आणि नंतर थंडी वाजून ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तातील पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन) वाढले एवढ्यावरून निदान होत नाही, कारण वयोमानाने वाढलेली ग्रंथी, लघवीचा संसर्ग किंवा कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) यांमुळेही ते वाढते. बायोप्सीच्या अहवालात मात्र ‘३ + ३ = ६’ किंवा ‘४ + ५ = ९’ अशी एक ओळ असते. हा ग्लीसन गुणांक, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात याचे माप. सहा असेल तर आजार सहसा संथ असतो, नऊ असेल तर आक्रमक. आणि पुढचा बहुतेक विचार या ओळीच्या आधाराने होतो.

हा आजार जीव घेत नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागले होते; २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. पण या पुरुषांचा आजार पीएसए तपासणीत सापडलेला आणि ग्रंथीपुरता मर्यादित होता. शिवाय देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे: त्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना पुढे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घ्यावेच लागले. आपल्याकडे कंबरदुखी वयाच्या खाती टाकून महिनोन्‌महिने बाम चोळणाऱ्या वडिलांना हा दिलासा जसाच्या तसा लागू होत नाही. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या माणसाचे पाय अचानक लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि त्याच दिवशी उपचार मिळाले नाहीत तर चालणे कायमचे जाऊ शकते.

वडिलांपासून लपवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. या आजारात प्रत्येक उपचार काहीतरी मागतो. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा काही काळ, क्वचित कायमचा सुटतो आणि लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. किरणोपचारांनी शौचाचा त्रास होऊ शकतो. हार्मोनच्या उपचारांनी अंगातून गरम वाफा येतात, हाडे ठिसूळ होतात, मन उदास होते. पसरलेल्या आजारात तर पुरुषी हार्मोन रोखण्यासाठी दर महिन्या-तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचे की एकदाच, तुलनेने कमी खर्चात, वृषणे काढून टाकायची, असा प्रश्न समोर येतो. आजाराचे नावही न सांगता यांपैकी कशाला वडिलांची संमती मिळवणार? आणि यांतले काय सोसवेल, हे मुलाने कोणत्या अधिकाराने ठरवायचे?

शिवाय लपवणे साधतही नाही. बाह्यरुग्ण विभागात मी पाहिलेले एक आजोबा अजून डोळ्यांपुढे आहेत. मुलाने फाइल आईच्या पिशवीत खाली दडवली होती आणि आजोबा समोरच्या भिंतीवरची ‘कर्करोग विभाग’ ही पाटी एकटक वाचत होते. घरी आपण आत गेलो की स्वयंपाकघरातले बोलणे थांबते, हे अशा माणसाला समजते. फक्त विचारायला कोणी उरत नाही. धास्ती तिथे वाढते. रात्री ओली झालेली चादर गुपचूप धुणाऱ्या आईचीही तीच कोंडी होते.

सांगणे म्हणजे सगळा अहवाल एका दमात वाचून दाखवणे नव्हे. ‘बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते सगळे ऐकायचे आहे का?’ असे विचारावे आणि ते विचारतील तेवढेच, पण खरे सांगावे. ‘तुम्हीच काय ते बघा’ असे ते म्हणाले, तर तोही त्यांचा निर्णय आहे आणि तो पाळावा.

या मौनाचा फटका पुढच्या पिढीलाही बसतो. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग असेल तर पुरुषाची जोखीम साधारण दुप्पट होते, म्हणून मुलांनी पंचेचाळिशीच्या सुमारास पीएसए तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावे. काही कुटुंबांत यामागे बीआरसीए-२ या जनुकातील दोष असतो आणि तो मुलींकडे आल्यास त्यांना स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जनुकतपासणी करायची की नाही, हे लेकीला ठरवायचे असेल तर वडिलांना नेमके काय झाले होते, हे तिलाही माहीत असायला हवे.