आतून रंग मारला नाही, कारण तो मारायचा नसतो

नमस्कार साहेब,

तुमच्या स्मोकरच्या, म्हणजे धुरावर मटण शिजवायच्या लोखंडी पेटीच्या, दुरुस्तीला तुम्ही दिलेला एक स्टार बघितला. दहा दिवस सांगून एकोणीस लावले, ही चूक आमचीच. वेल्डर जतच्या यात्रेला गेला तो लवकर उगवलाच नाही, आणि तसा फोन तुम्हाला करायला पाहिजे होता. माफी असावी. फोनवर माझा आवाज चढला असेल तर तेवढं पोटात घाला.

पण "आतून रंगच मारला नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले, महिन्यात गंज आला" हे लिहिलंत ते फार लागलं. कुपवाडला अकरा वर्षं शेड चालवतोय. गेट असो, ट्रॉली असो, रंगाचे पैसे घेऊन रंग खाल्ला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

स्मोकर आतून रंगवत नाहीत साहेब. तिथं तुमचं मटण असतं. रंग तापला की त्याची वाफ मटणातच उतरणार. घरच्या लोखंडी तव्याला कुणी ऑइलपेंट मारतं का? तव्यासारखंच इथंही तेल मुरवावं लागतं. तुमचा स्मोकर कऱ्हाडकडच्या बंद ढाब्यामागं दोन पावसाळे उघड्यावर पडलेला. तळाला वीतभर राख, तीही भिजलेली. ओली राख पत्रा खाते. कोळशाच्या डब्याचा तळ दाबला तर बोट आरपार गेलं, तुमच्यासमोरच. तो कापून तीन एमएमचा पत्रा टाकला, बिजागऱ्या बदलल्या, आतून वायर ब्रशनं सगळा गंज काढला. मग शेंगतेलाचा पातळ हात देऊन कोळसा पेटवून तीन तास तापवला. गार झाल्यावर परत तेल, परत तीन तास. त्यानं पत्र्यावर काळा कडक थर धरतो, तोच आतला रंग. बाहेरून सहाशे अंशांपर्यंत टिकणारा काळा मारलाय. तुमच्याच फोटोत तो कसा आहे बघा.

जाळीचे चौदाशे जादा का, तेही सांगतो. जुनी जाळी जस्त चढवलेली होती. ती निखाऱ्यावर तापली तर जस्ताचा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, कुठल्याही वेल्डरला विचारा. म्हणून साध्या सळईची नवी केली.

आता गंजाचं. तुमच्या दुसऱ्या फोटोत मागं पाण्याची नळी आणि भांड्याचा साबण दिसतोय. थर्टी फर्स्ट झाल्यावर आतून धुऊन, ओला असतानाच ताडपत्री टाकली असणार. ओला पत्रा झाकून ठेवला की गंज धरतोच. राख काढा, ब्रश मारा, तेलाचं फडकं फिरवा, पाणी लावू नका, हे सांगितलं होतं. टेम्पो घेऊन आलेल्या तुमच्या पाव्हण्यांना सांगितलं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचलं नसेल, त्याला मी काय करू?

तुमचं वाचून दोन गिऱ्हाइकांनी "आतून रंग मारता ना?" असं विचारलं. एकानं तर ठरलेलं काम काढून घेतलं. आमचं पोट यावरच आहे साहेब.

इथून पुढं ह्या सूचना कागदावर देऊ, तारखेचंही काहीतरी बघतो. स्मोकर घेऊन या, गंज काढून तेल परत मुरवून देतो, मजुरी घेणार नाही. फक्त येताना आतली राख काढून आणा.