मेट्रोपर्यंत कसं जायचं?

गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी आईला सांगितलं, "आजी, आता हिंडाफिरायला लागा." कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. ते आईने ठरवलं. गिरगावात, मावशीकडे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. थोडं चालायचं, दमलं की बसायचं, म्हणून भाड्याची व्हीलचेअर आली. ढकलायला मी घरचाच.

आम्ही शिवाजी पार्कच्या बाजूला राहतो. टॅक्सीने सरळ जाता आलं असतं, पण काळ्यापिवळीच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर आधीच ऐसपैस पहुडलेला असतो. टॅक्सीवाल्याने अदबीने विचारलं, खुर्ची न्यायची की माताजींना? बस थांबते, पण थांब्यापासून दोन गाड्या सोडून, भर रस्त्यात. लोकलला दिव्यांगांचा डबा आहे. तो नेमका कुठे येणार हे न दिसणाऱ्यालाही कळावं म्हणून फलाटावर टींटीं वाजण्याची सोयही आहे. पण त्या टींटींपर्यंत जायला पूल चढायचा, आणि गाडी थांबणार अर्धा मिनिट. आईला नुसता पदर खोचायला त्याहून जास्त वेळ लागतो.

"मेट्रोने जा की," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "आता थेट गिरगावात स्टेशन आहे."

खरंच आहे. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. साडेतेहतीस किलोमीटर, 27 स्थानकं. लिफ्ट आहे, फलाटाला काचेचे दरवाजे आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत. पेपरात सगळं होतं. आमच्या दारापासून त्या लिफ्टपर्यंत कसं जायचं, तेवढं नव्हतं.

आदल्या रात्री मी अभ्यास केला. रस्त्यांची मापं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था म्हणते की फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि फूटपाथची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. म्हणजे सहा इंच. मी आईला वाचून दाखवलं. "हे लोक कुठल्या गावचे?" आईने विचारलं. आमच्या गल्लीच्या टोकाला फूटपाथ इतका उंच आहे, की त्यावर चढायला आधी गुडघा बदलून घ्यावा आणि चढून झाल्यावर दुसरा.

उतार नाहीत असं मात्र नाही. दर इमारतीच्या गेटपाशी फूटपाथ नम्रपणे खाली वाकलेला असतो, मोटारीसाठी. चारशे घोड्यांची असो नाहीतर चाळीस, तिला सहा इंच चढायचा त्रास होऊ नये याची काळजी कोणीतरी घेतलीय. माणसाला काय, पाय असतात. तेव्हा आम्ही मोटारीच्या वाटेने फूटपाथवर चढलो, पुढच्या गेटला उतरलो, पुन्हा चढलो. टोकाला गेल्यावर कळलं की पुढे उतारच नाही. परत मागे.

दुसऱ्या फूटपाथच्या तोंडाशी स्टीलचे चकचकीत खांब होते. बाइकवाल्यांनी वर चढू नये म्हणून लावलेले. आमच्यासमोर एक बाइकवाला हँडल जरा तिरकं करून त्यातून अलगद निघून गेला. व्हीलचेअरला तिरकं होता येत नाही. या खांबांची मुंबई उच्च न्यायालयाने 2023 साली स्वतःहून दखल घेतली होती. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा तर 1995 पासून आहे, 2016 साली नवाही झाला. हे सगळं मी आईला सांगत होतो. ती म्हणाली, "कायदा नंतर सांग, आधी मागून येणारी बस बघ." आम्ही तोवर रस्त्यातच उतरलो होतो.

पुढे पिवळ्या फरश्या लागल्या. उभ्या रेघांची फरशी म्हणजे सरळ चाला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. काठीने किंवा तळव्याने वाचायची ही लिपी. इथे रेघा ऐटीत सरळ गेल्या आणि विजेच्या पेटीत शिरल्या. ठिपका एकही नाही. पेटीच्या पलीकडून रेघा पुन्हा सुरू! म्हणजे फरशी बसवणाऱ्याने पेटी पाहिली होती, नीट मोजूनमापून तिच्या दोन्ही बाजूंना काम केलं होतं.

सिग्नलला आई थोडी खुलली. आमच्या भागातल्या सिग्नलवर 2020 पासून माणसाऐवजी फ्रॉकवाली बाई आहे. बाई हिरवी झाली, आम्ही निघालो, आणि दुभाजकापर्यंत पोचतोय तोच ती लाल झाली. "हिचे गुडघे शाबूत आहेत," आई म्हणाली.

मेट्रोबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिफ्टने खाली गेलो, डब्यात शिरताना चाकाला धक्कासुद्धा बसला नाही, खुर्चीसाठी जागा होती, गिरगाव आलं. आई निराश झाल्यासारखी वाटली. मावशीला सांगायला काही उरलंच नाही म्हणून असेल.

ती उणीव मावशीच्या चाळीने भरून काढली. दुसरा मजला, लाकडी जिना, लिफ्टचा प्रश्नच नाही. मी खालून हाक मारायच्या आत चार पोरं धावत आली, प्लॅस्टिकची खुर्ची आणली, आईला बसवलं आणि उचललं. सार्वजनिक गणपती 1893 साली याच गिरगावात बसला, तेव्हा खांद्याची सवय पिढीजात. "मावशी, घट्ट धरा हां!" जिन्याच्या वळणावर कोणालातरी राहवलं नाही. "गणपती बाप्पा..." आणि तीनही मजले ओरडले, "मोरया!"

आई दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती.

"मेल्यांनो, हसवू नका, पडेन," ती म्हणाली. "आणि दीड दिवसाचा नकोय हां. संध्याकाळीच खाली आणायचंय मला."