‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक पॅट समिट हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देते. लेख म्हणजे आरती आहे. 1984 ला तिच्या हाताखाली अमेरिकेच्या महिला संघाने जिंकलेल्या ऑलिंपिक सुवर्णपदकाचं कौतुक करताना सोविएत संघाचा बहिष्कार सांगितलेला नाही. ‘तिच्या सगळ्या मुली पदवीधर झाल्या’ हा दावा फसवा आहे. कनेक्टिकट विद्यापीठाचा प्रशिक्षक जीनो ऑरिएम्मा याची विजेतेपदं तिच्याहून जास्त आहेत. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “ताई, मुलींना ओकेपर्यंत पळवणं याला शिस्त नाही, छळ म्हणतात. तुम्हाला त्याचं कौतुक वाटतं, कारण तुम्ही त्या रांगेत कधी उभ्या राहिलेल्या नाही.”

मतभेदाला माझी कधीच हरकत नसते, जुन्या वाचकांना हे ठाऊक आहे. पण बोलायची एक रीत असते. ओळख ना पाळख, एकदम ‘ताई’, आणि तीही अशी की पुढे टपली येणार हे वाचतानाच कळावं. स्वतःचं नावसुद्धा न लिहिणाऱ्या माणसाने दुसरी कुठल्या रांगेत उभी होती नि कुठल्या नाही याचा निवाडा परस्पर करून टाकावा, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

बहिष्काराचा मुद्दा मान्य. लॉस एंजेलिसला सोविएत संघ आला नव्हता आणि हे एका ओळीत लिहायला हवं होतं. तसं पाहिलं तर त्यातली खरी गंमत तुमच्याही नजरेतून सुटली. 1976 ला माँट्रियलमध्ये महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळलं गेलं, तेव्हा सात फुटी उल्याना सेम्योनोवाच्या सोविएत संघाने अमेरिकेला 112–77 असं धुतलं होतं आणि त्या हरलेल्या संघात पॅट स्वतः खेळाडू होती. रौप्यपदक घेऊन परतली. तर ते असो.

आता त्या रांगेबद्दल.

कचऱ्याच्या डब्यांचा प्रसंग मी लिहिला तो असा: सुरुवातीच्या काळात काही मुली नियम मोडून पार्टीला गेल्या, ते पॅटला कळलं. दुसऱ्या दिवशी सरावाला कोर्टाच्या चार कोपऱ्यांत चार डबे ठेवलेले. पळा, ओकारी आली तर डब्यात ओका, पुन्हा पळा. तुम्ही एवढाच तुकडा उचललात. त्याच्या आधी जे लिहिलं होतं ते वाचलंत की थेट खाली उतरलात?

म्हणून पुन्हा सांगते. टेनेसी राज्यात त्या काळी शाळेतल्या मुली बास्केटबॉल खेळायच्या तो सहा-सहा जणींचा. तिघी एका अर्ध्या कोर्टात, त्यांनी फक्त बास्केट करायचे. उरलेल्या तिघी दुसऱ्या अर्ध्यात, त्यांनी फक्त अडवायचं. मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. कारण? मुलींच्या जातीला पूर्ण कोर्ट पळणं झेपत नाही! विद्यापीठात मात्र पाच जणींचा पूर्ण कोर्टाचा खेळ, त्यामुळे राज्यातल्या मुली तिथे पोहोचेपर्यंत अर्धाच खेळ शिकलेल्या असायच्या. पॅटने या नियमाविरुद्ध आवाज उठवला आणि 1979 च्या सुमारास तो गेला. म्हणजे बाई पळवत होती ती कोणत्या मुलींना? ज्यांना ‘तुम्ही पळू नका’ हेच लहानपणापासून ऐकवलेलं, त्यांना. हा संदर्भ काढून टाकला की उरतो फक्त ओकारीचा डबा. तुमच्या प्रतिक्रियेत तेवढाच उरला आहे.

आणि मी. कॉलेजच्या संघातून मी बास्केटबॉल खेळले आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिथे माझ्या मैत्रिणी आजही शिकवतात. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूच्या रिंगला जाळी नाही. सर मुलांकडून ‘सुसाइड’ मारून घ्यायचे: बेसलाइनवरून फ्री थ्रोच्या रेघेपर्यंत आणि परत, हाफ कोर्टपर्यंत आणि परत, मग पलीकडच्या टोकापर्यंत. आम्हाला म्हणायचे, “मुलींनो, ऊन आहे, तुम्ही बसा सावलीत.” आम्ही पिंपळाखाली मुलांची घड्याळं आणि पाकिटं सांभाळत बसायचो. किती प्रेमळ सर! कोणाचाही छळ नाही.

विभागीय सामन्यात तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आम्ही पुढे होतो. चौथ्यात पाय संपले. समोरच्या संघातली एक बुटकी गार्ड चेंडू घेऊन सुटली की तिच्या पाठीवरचा नंबर मला स्पष्ट वाचता यायचा, पण अंतर काही कमी होत नव्हतं. एकदा झेपावले आणि दोन्ही तळहात सिमेंटवर सोलून घेतले. हरलो. सरांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “छान खेळलात हं, मुलींच्या मानाने.”

‘मुलींच्या मानाने.’ या दोन शब्दांपुढे मला चार डबे कधीही चालले असते.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे रांगेत तुम्ही नव्हताच उभ्या. अहो, आम्हाला रांगेत उभं करायला कोणी तयारच नव्हतं, हेच तर दुखणं! ज्याला रोज पळवलं गेलं त्याला पळवण्याचा कंटाळा येणं साहजिक आहे. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही त्यातले दिसता. रागावू नका, तुम्हीही माझ्याबद्दल अंदाजच बांधलात.

शिवाय पॅट स्वतः काय सावलीत बसली होती? शेतकऱ्याची पोर, तंबाखू आणि गवताच्या कामात वाढलेली. गावातल्या शाळेत मुलींचा संघ नाही म्हणून बापाने बिऱ्हाड शेजारच्या हद्दीत हलवलं. 1974 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, महिना 250 डॉलरवर टेनेसी विद्यापीठाच्या संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. काही खेळाडू तिच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. संघाची गाडी तीच चालवायची, कपडेही तीच धुवायची. गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला, तो सावरत तिने ऑलिंपिक संघात जागा मिळवली. 1990 मध्ये नऊ महिने भरलेले असताना मिशेल मार्सिनिअॅक नावाच्या मुलीला संघात घ्यायचं म्हणून विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेली. तिथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या वाटेवर वैमानिक म्हणाला, व्हर्जिनियात उतरूया. ही म्हणाली, मुळीच नाही, कारण त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने हिला हरवलं होतं! मुलगा टेनेसीतच झाला. ही मिशेल आधी दुसऱ्याच विद्यापीठात गेली, मग तिथून उठून पॅटकडे आली, सगळ्यांदेखत तिची बोलणी खाल्ली आणि 1996 चं विजेतेपद जिंकून गेली. छळ होतो तिथे कोणी आपल्या पायांनी चालत येत नाही.

पॅटची खेळाडू टमिका कॅचिंग्ज हिच्याबद्दलही मी लिहिलं होतं, त्यावर तुमचा एक शब्द नाही. कानाने कमी ऐकू येणारी मुलगी, यंत्र लावायला लाजणारी. ते यंत्र तिने लाज न बाळगता लावावं म्हणून मागे लागली ती हीच कडक बाई.

बाकी मुद्दे फुटकळ आहेत. पदवीचा आकडा फक्त चारही वर्षं टिकलेल्या मुलींचा आहे, मधेच सोडून गेलेल्या त्यात धरलेल्या नाहीत, हे तुमचं म्हणणं. बरं, मग? जी गेली तिचा हिशेब ती जिथे गेली तिथे. ऑरिएम्माची विजेतेपदं 12, पॅटची 8. हो, मोजता मलाही येतं. एकूण विजयांत तो आणि स्टॅनफर्डची माजी प्रशिक्षक टारा व्हॅनडर्व्हीर दोघेही तिच्या पुढे गेले आहेत. पण पॅट उभी राहिली तेव्हा महिलांची एनसीएए स्पर्धाच (ही विजेतेपदं मोजतात ती अमेरिकी विद्यापीठांची स्पर्धा) नव्हती, ती 1982 पासूनची. ऑरिएम्मावर मी स्वतंत्र लिहिणार आहे, तेव्हा हवं तेवढं भांडा.

आजाराचा उल्लेख मी ‘डोळ्यांत पाणी आणायला’ केला, असंही तुम्ही कंसात लिहिलं आहे. 2011 मध्ये, 59 व्या वर्षी तिला अल्झायमरचं निदान झालं, आणि तरी तिने आणखी एक हंगाम संघ सांभाळला. ही घडलेली गोष्ट आहे. ती वगळून तिची कारकीर्द कशी लिहायची, हे तुम्हीच लिहून दाखवा. लिंक पाठवा, वाचेन.

आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचे विजय 1089 पडले आहेत. ते 1098 हवेत. पराभव 208, तो आकडा तुमचा बरोबर आहे.