बोटीतल्या हॉबबद्दलच्या (गॅसच्या शेगडीबद्दलच्या) रिव्ह्यूला आमचं उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

परवा रात्री दुकानाचं शटर ओढताना मुलीनं मोबाइल पुढे केला आणि तुमचा रिव्ह्यू दाखवला. एक स्टार. खाली तुम्ही लिहिलंय, 'चार दिवसांचं काम अकरा दिवस लावलं, अमावस्या हुकवली. रविवारी फोन उचलला नाही. नॉब सोडला की शेगडी विझते. आणि चांगल्या बोटीला बिनकामाचं भोक पाडून 2,350 रुपये काढले. ते भोक आता मी बुजवून घेणार आहे.'

आधी माफी मागतो. उशीर झाला हे खरं आहे. तो होणार हे दिसत असताना मी आपणहून कळवायला हवं होतं, तुमचा फोन येईपर्यंत थांबायला नको होतं. रविवारचंही खरं. घरी पुतणीचा साखरपुडा होता आणि मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. पण तुम्ही तिकडे चांदोदला नर्मदेच्या काठावर ताटकळत होतात, तेव्हा हे कारण तुमच्या काही कामाचं नाही. क्षमा असावी.

शेगडी विझते म्हणता, ती बिघडलेली नाही. प्रत्येक बर्नरच्या कडेला पेन्सिलीच्या टोकाएवढी एक धातूची दांडी आहे, तिला थर्मोकपल म्हणतात. ज्योतीनं ती तापली की जराशी वीज तयार होते आणि त्या विजेवर आतला व्हॉल्व्ह उघडा राहतो. वाऱ्यानं किंवा उतू गेलेल्या चहानं ज्योत गेली, तर दांडी निवते आणि गॅस आपोआप बंद होतो. म्हणून पेटवल्यावर नॉब दहा-बारा सेकंद दाबून धरायचा आणि मग सोडायचा. कारागिरानं हे तुमच्या हातून दोनदा करून घ्यायला हवं होतं, त्यानं नुसतं तोंडी सांगितलं. ती आमची चूक.

पण सिलिंडरच्या पेटीतून बोटीबाहेर काढलेल्या वाटेला तुम्ही 'बिनकामाचं भोक' म्हणालात, ते शब्द मला फार लागले. बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं. हे मात्र चार लोक वाचतील आणि उद्या कुणीतरी आपल्या बोटीत ते भोक न पाडता सिलिंडर ठेवील, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण बडोदेकर पाइपच्या गॅसवर वाढलेली माणसं. तो गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. गळला तर वर जातो, खिडकी उघडली की बाहेर पडतो. सिलिंडरमधला गॅस वेगळा. तो प्रोपेन आणि ब्यूटेनचा, हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो पाण्यासारखा खाली उतरतो, मिळेल त्या फटीतून. घरात तो निदान दाराखालून बाहेर जाईल. बोटीला दाराखालची फट नसते. बोट म्हणजे एक भांडंच, पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेलं, आणि त्यातून गॅसही बाहेर जात नाही. तो फळ्यांखाली तळाशी साचत राहतो. तुमच्या बोटीत त्या तळाशी काय आहे ते आठवा: बॅटरी, पाणी उपसायचा पंप आणि इंजिनाच्या सेल्फची वायर. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की एक ठिणगी पुरते. सिलिंडरमधला एक लिटर द्रव गळला तर त्याचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. गॅसला वास असतो, कळेल की, असं तुम्ही मला म्हणाला होतात. वास घेणारं नाक वर बाकावर असतं आणि गॅस पायाखाली फळ्यांच्या आत असतो, काका.

पहिल्या दिवशी तुम्ही दुकानात आलात तेव्हा घरचा जुना तीन बर्नरचा हॉब रिक्षात घालून आणला होता. स्वयंपाकघर नवीन केलं, हा पडून आहे, हाच बसवून दे, म्हणालात. मी नाही म्हटलं, तेव्हा मला नवीन माल खपवायचा आहे असं तुम्हाला वाटलं असावं. तो हॉब पाइपच्या गॅसचा होता. त्याच्या जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचं, छिद्र मोठं असतं. त्यावर सिलिंडरचा गॅस सोडला तर ज्योत पिवळी, लांब होते आणि भांडी काजळतात. जेट मी बदलून दिले असते, मोजून शंभर-दोनशे रुपयांचं काम. पण त्या हॉबला थर्मोकपल नव्हतं. घरी ज्योत विझली तर ओट्याशी कुणीतरी उभं असतं. बोटीत दुसरी नाव शेजारून गेली की लाट येते, वारा तर असतोच, आणि सगळे बाहेर घाट बघत बसलेले असतात. म्हणून दोन बर्नरचा छोटा हॉब घ्यायला लावला. त्याला भांडं सरकू नये म्हणून चारही बाजूंनी कठडा आहे. किंमत 8,900 रुपये, बिलाची प्रत तुमच्याकडे आहे.

मग सिलिंडर. तुम्हाला 14.2 किलोचा घरचा बाटला केबिनमधल्या बाकाखाली आडवा ठेवायचा होता. आडवा ठेवला की रेग्युलेटरमधून वायूऐवजी द्रव यायला लागतो. आणि एवढ्या गॅसची गरजही नाही. छोटा बर्नर तासाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे पाच किलोचा छोटा सिलिंडर एका बर्नरवर चाळीस तास चालेल. चहा, पोहे आणि दुपारची खिचडी एवढ्यासाठी तो कित्येक फेऱ्या पुरतो.

आता ते भोक. लहान बोटींतल्या एलपीजीसाठी आयएसओ 10239 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार सिलिंडरची पेटी केबिनच्या बाजूनं हवाबंद हवी. पेटीच्या तळातून निदान 19 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी थेट बोटीबाहेर निघायला हवी. नळीचं तोंड पूर्ण भरलेल्या बोटीच्या पाणरेषेपेक्षा, म्हणजे बाहेरून पाणी जिथवर टेकतं त्या रेघेपेक्षा, निदान 75 मिलिमीटर वर हवं. आणि नळी कुठेही खोलगट होता कामा नये, नाहीतर तिथं पाणी साचून बूच बसतं. रेग्युलेटर किंवा नळी गळली तर गॅस पेटीच्या तळाशी उतरतो आणि त्या वाटेनं नदीवर निघून जातो. फळ्यांखाली जात नाही. त्या भोकाचं काम एवढंच आहे.

उशीर झाला तो यातच. तुमची बोट काठावर ठोकळ्यांवर चढवलेली होती. भरलेली असताना पाणी कुठवर येतं हे मला कोण सांगणार? तुम्ही हातानं दाखवलंत, 'इथवर येतं.' कारागीर त्या अंदाजावर ड्रिल लावायला निघाला होता, मीच फोनवरून थांबवला. दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात उतरवली. सात माणसांच्या वजनाच्या रेतीच्या गोण्या जागोजाग ठेवल्या, डिझेलची टाकी भरली, आणि पाणी जिथं टेकलं तिथं नावाड्यानं बाहेरून खडूची रेघ ओढली. तुम्ही हातानं दाखवलेल्या जागेपेक्षा ती रेघ चार बोटं वर निघाली. त्या जागी भोक पाडलं असतं तर भरल्या बोटीत तेच पाण्याखाली गेलं असतं, गॅस बाहेर जाण्याऐवजी नर्मदा पेटीत आली असती. म्हणून पेटीचा तळ उचलावा लागला, प्लाय नव्यानं कापून आणावा लागला, वरून रेझिनचे दोन हात, आणि ते वाळायला दोन दिवस. त्यात बडोदा ते चांदोद जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर, अशा तीन फेऱ्या. 2,350 रुपयांत पितळेचं तोंड, नळी, प्लाय, रेझिन आणि कारागिराची मजुरी आहे. फेऱ्यांचं डिझेल मी लावलेलं नाही. हे सांगायचं मनात नव्हतं, पण पैसे काढले म्हणालात, म्हणून सांगावं लागलं.

काम झाल्यावर मी स्वतः आलो होतो. तुम्ही तेव्हा घाटावर कुणाशी तरी बोलत होतात. पेटी उघडून मी तळाशी एक तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी बाहेरच्या तोंडातून धारेनं नदीत पडलं. मग केबिनमध्ये फळी उचलून कोपऱ्यात हात फिरवला, कोरडं ठणठणीत. जी वाट पाण्याला मिळाली तीच गॅसला मिळेल. त्यानंतर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. हे तुम्हाला हाताला धरून दाखवायला हवं होतं, तेवढं राहिलं.

अमावस्येचं दुःख मला कळतं. करनाळीला कुबेर भंडारीच्या दर्शनाला घरच्या माणसांना आपल्या बोटीनं न्यायचं, बोटीत पहिला चहा व्हायचा, हे तुम्ही दुकानात तीनदा सांगितलं होतं. काकूंनी डबेसुद्धा काढून ठेवले होते. पण आदल्या संध्याकाळी फोनवर तुम्ही म्हणालात, 'पेटी राहू दे, नळी जोडून दे, एका दिवसानं काय होतंय.' मी नाही म्हटलं आणि तुम्ही फोन ठेवलात. तो नकार मी आजही देईन, काका. तुमचा नातू केबिनमध्ये त्याच फळ्यांवर झोपणार होता.

18 जानेवारी 2024 ला आपल्या हरणी तलावात बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथं गॅसचा काही संबंध नव्हता, पण त्यानंतर बोटीच्या कामात 'चालतंय' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. माझीही मुलगी शाळेत जाते.

आणखी एक, राग मानू नका. शेवटच्या फेरीला केबिनमध्ये हवा खेळायला ठेवलेल्या दोन झडपांपैकी वरच्या झडपेत पंचा कोंबलेला दिसला. वारा येतो म्हणून कुणीतरी लावला असेल. हॉब पेटलेला असताना खालची आणि वरची, दोन्ही झडपा उघड्या हव्यात. बंद केबिनमध्ये ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा पडतो. थंडीत ऊब यावी म्हणून हॉब लावून बसू नका.

दुकान बाबांनी रावपुऱ्यात सुरू केलं. तुम्ही बाबांना ओळखत होता, म्हणूनच तुमचं काम हौसेनं घेतलं, कारण बोटीचं काम आमच्याकडे वर्षाला एखादंच येतं. आम्ही तिघंच आहोत, मी आणि दोन कारागीर. रिव्ह्यू आल्यापासून एका गिऱ्हाइकानं ठरलेलं काम पुढे ढकललं, कारण सांगितलं नाही, पण मला समजलं. स्टार किती द्यायचे तो तुमचा अधिकार. उशीर, फोन, नॉब, जे लिहिलंय ते राहू द्या. फक्त 'बिनकामाचं' हा एक शब्द काढता आला तर बघा.

पुढच्या कामांत तारीख देताना जास्तीचे दिवस धरून सांगू, आणि रविवारच्या फोनचंही काहीतरी बघतो आहोत. येत्या शनिवारी सकाळी नऊपर्यंत कारागीर चांदोदला येईल, पैसे लागणार नाहीत. नॉब कसा धरायचा ते काकूंनाही दाखवील. बोटीची चावी नावाड्याकडे ठेवली तरी चालेल. आणि त्या भोकाला बूच लावलं असेल तर शनिवारची वाट न बघता आजच काढा, आणि काढल्यावर मला फोन करा. मी स्वतः उचलेन.