बाळ शोधणाऱ्या आईनं कुठं जायचं?

केरळच्या अनुपमाची बातमी 2021 मध्ये देशभर गाजली. बाळ परत मिळालं, सगळ्यांना हायसं वाटलं आणि विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो गेलेला नाही.

ऑक्टोबर 2020 मध्ये तिला मुलगा झाला. लग्न झालेलं नव्हतं आणि मुलाचा बाप दलित ख्रिश्चन. काही दिवसांतच तिच्या घरच्यांनी बाळ तिच्याकडून नेलं. थोरल्या बहिणीचं लग्न पार पडू दे, मग आणून देऊ, असं तिला सांगितलं होतं. बाळ पोचलं तिरुवनंतपुरमच्या बालकल्याण परिषदेच्या पाळण्यात, जिथं टाकून दिलेली मुलं निनावी ठेवता येतात. तिथं त्या मुलाची नोंद आधी चक्क मुलगी म्हणून झाली. तिनं एप्रिल 2021 मध्ये पोलिसांत तक्रार दिली, गुन्हा दाखल व्हायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, बाळ आंध्रातल्या एका जोडप्याकडे दत्तकासाठी गेलंसुद्धा. ती परिषदेच्या दारात ठाण मांडून बसली, डीएनए तपासणी झाली आणि 24 नोव्हेंबरला न्यायालयानं बाळ तिच्या हातात दिलं. आंध्रातल्या त्या दोघांवर काय गुजरलं असेल, याचाही विचार मनातून जात नाही. त्यांची तर काहीच चूक नव्हती.

अनुपमाला बाळ मिळालं, कारण दत्तकाचा अंतिम आदेश व्हायचा होता. तो आधीच झाला असता तर?

बाल न्याय कायद्याचं कलम 35 काढून वाचा. मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. कागदावर ठीक वाटतं. पण आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला उंबरठा ओलांडू देत नाहीत. जिचं बाळंतपणच लपवून ठेवलंय, ती पोर बापाच्या नजरेखालून निसटून बालकल्याण समितीपर्यंत, म्हणजे जिच्यासमोर मूल स्वाधीन केलं जातं तिथपर्यंत, पोचणार कशी? शिवाय आपल्या आटोक्याबाहेरच्या सामाजिक कारणांसाठी मूल देता येतं, असं हाच कायदा म्हणतो. ते सामाजिक कारण बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतच बसलेलं असतं. आणि मूल ‘सापडलेलं’ म्हणून दाखवलं, तर आईची सहीसुद्धा लागत नाही.

आमच्या ओळखीतल्या एक बाई आहेत, आता साठीच्या आसपास. नाव-गाव सांगणार नाही. लग्नाआधी झालेलं मूल मामानं दवाखान्यातूनच परस्पर संस्थेत दिलं. मी कचेऱ्यांची कामं करते हे कळल्यावर एकदा ओट्यापाशी भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ताई, कुठं आहे ते नका विचारू. जिवंत आहे का, एवढंच विचारून द्या.” पदराखाली पिशवी होती, तिच्यात दवाखान्याचं जुनं कार्ड. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं. नवऱ्याला आजही यातलं काही माहीत नाही.

मी चौकशी केली. दत्तक गेलेलं मूल मोठं झाल्यावर आपली मुळं शोधू शकतं, कारा ही दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था त्याला मदत करते. आईसाठी असा मार्ग नाही. नियमांच्या भाषेत ती ‘तिसरी व्यक्ती’, आणि तिसऱ्या व्यक्तीला शोध घेता येत नाही. नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाईला तिसरी व्यक्ती म्हणताना कुणाची जीभ कशी अडखळत नाही!

गुप्तता का ठेवलीय ते मला कळतं. या बाईंचंच बघा, उद्या कुणी दारात येऊन उभं राहिलं तर त्यांचा संसार मोडेल. दत्तक घेणाऱ्या आई-वडिलांच्या मनातली भीतीही खरी आहे. म्हणून आईला मुलाचा पत्ता द्या असं मी म्हणतच नाही. तिला स्वतःची नोंद करू द्या: मी हयात आहे, मूल कधी विचारत आलं तर मला भेटायचंय. किंवा भेटायचं नाही, पण एक पत्र ठेवायचंय. आयर्लंडमध्ये अविवाहित मातांच्या संस्थांचा अहवाल 2021 मध्ये आला, सरकारनं माफी मागितली आणि 2022 च्या कायद्यानं अशी नोंदवही सुरू झाली. ऑस्ट्रेलियानंही जबरदस्तीच्या दत्तकांबद्दल 2013 मध्ये माफी मागितली. आपल्याकडे असं घडलं, हे मान्य करायलाच कुणी तयार नाही.

आणि आपल्याला परदेशाचे दाखले तरी का लागावेत? पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांना जाहीरपणे सांगितलं होतं की इथं गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथं ठेवायचं हे तुमच्या मर्जीवर. बापाच्या नाही, भावाच्या नाही, मामाच्या नाही. तिथं आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी पुढं स्वतः दत्तक घेतला. दत्तकाला माझा विरोध असता तर मी हे नाव घेतलंच नसतं.

माझ्या मागण्या दोनच. मूल स्वाधीन करताना समितीनं आईशी एकटीशी बोलावं, घरच्यांना खोलीबाहेर बसवून, आणि फेरविचाराच्या दोन महिन्यांत समितीच्या बाईनं स्वतः तिच्या घरी जाऊन विचारावं. दुसरी, कारानं आईसाठी नोंदवही उघडावी, जुन्या प्रकरणांसाठीसुद्धा. त्या बाईंचं कार्ड पस्तीस वर्षांहून जुनं आहे. संस्था आता बंद पडलीय आणि तिचे कागद कुठल्या कचेरीत गेले, हे जिल्ह्यात कुणीच सांगत नाही. त्यासाठी लेखी अर्ज केलाय. उत्तर आलं की इथंच लिहीन.