‘आजच गोळ्या फेका’ म्हणणाऱ्या त्या मजकुराला उत्तर

गेल्या महिन्यात माझ्या वहिनीनं नैराश्यावरची गोळी एका रात्रीत बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, दादालाही सांगितलं नाही. कारण होतं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर काकांनी पाठवलेला एक लांबलचक मजकूर. तुमच्यापैकी अनेकांकडे तो आला असेल. ‘डिप्रेशनचं सत्य, जे डॉक्टर सांगणार नाहीत’ अशा थाटाचा. त्यात म्हटलंय: नैराश्य हा श्रीमंतांचा आणि रिकाम्या माणसांचा आजार आहे, कष्टकऱ्यांना तो होत नाही. गोळ्यांचं व्यसन लागतं आणि त्या निरुपयोगी आहेत हे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनीच कबूल केलंय, म्हणून त्या आजच फेका. पहाटे उठून कामाला लागा, सकारात्मक विचार करा, २१ दिवसांत बरे व्हाल. मरणाची भाषा करणारे मरत नाहीत, तो विषयच काढू नका. खरं कारण फक्त बी-१२ ची कमतरता. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा गेलात की जन्माचा शिक्का बसतो.

मी डॉक्टर नाही. पण यातला एकेक दावा पडताळून पाहता येतो, आणि पुढे ढकलण्याआधी तो कुणीही पाहिलेला नाही याचा मला राग आहे.

आधी गोळ्यांबद्दल, कारण खरं नुकसान तिथे झालंय. गोळी बंद केल्यावर तीन-चार दिवसांत वहिनीला चक्कर यायला लागली, मळमळायला लागलं, झोपेत भलतीसलती स्वप्नं पडायला लागली. मान वळवली की डोक्यातून करंट गेल्यासारखं व्हायचं. त्यावर काकांचं म्हणणं, ‘बघा, हेच ते व्यसन!’ म्हणजे ज्या सल्ल्यामुळे तिला त्रास झाला, तोच त्रास त्या सल्ल्याचा पुरावा ठरला.

हा त्रास खरा आहे आणि डॉक्टरांना चांगला माहीत आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन या गटातली औषधं एकदम थांबवली की शरीराला ते झेपत नाही, म्हणून ती कमी करत करत, काही आठवडे किंवा काही महिने घेऊन सोडायची असतात. पण याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनात ओढ असते, मात्रा वाढवत न्यावी लागते, ती वस्तू मिळवण्यासाठी माणूस घरदार पणाला लावतो. वहिनीची तर उलट तक्रार होती की गोळी घ्यायची आठवणच राहत नाही. रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲटेनोलोल एकदम बंद केली तर हृदयाचे ठोके वाढतात, छातीत दुखू शकतं. काका स्वतः रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं घेतात. तिला व्यसन म्हणायचं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. झोपेसाठी आणि घाबरेपणासाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांची सवय खरोखर लागते. त्या थोड्या दिवसांसाठी असतात. आपल्याकडे मात्र जुनी चिठ्ठी दाखवून, कधी चिठ्ठीशिवायही, लोक त्या वर्षानुवर्षं घेतात. यातल्या अल्प्राझोलामसारख्या औषधांची विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपून ठेवावी, असा नियम २०१४ पासून आहे. तो किती पाळला जातो ते औषधाच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. त्या मजकुरानं एवढंच सांगितलं असतं तर मीच तो दहा जणांना पाठवला असता. पण त्यानं दोन वेगळ्या प्रकारची औषधं एकाच टोपलीत टाकली आणि जी बंद करणं धोक्याचं, तीच फेकायला सांगितली.

आता ते २०२२ चं प्रकरण. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी एक आढावा प्रसिद्ध केला. मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं, या समजुतीला ठोस पुरावा मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तो महत्त्वाचा आहे, आणि ‘मेंदूतलं रसायन कमी झालंय’ असं सोपं करून सांगणाऱ्यांनी तो वाचायला हवा. पण गोळ्यांनी रुग्णांना बरं वाटतं की नाही, हा त्या आढाव्याचा प्रश्नच नव्हता. आणि गोळ्या अचानक थांबवू नका, डॉक्टरांशी बोला, हे त्याच मंडळींनी तेव्हा सांगितलं होतं. औषध नेमकं कसं काम करतं हे पूर्ण न कळणं वेगळं आणि ते कामच न करणं वेगळं. १८४६ मध्ये बोस्टनला ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. भूल देणारी द्रव्यं मेंदूत नेमकं काय करतात हे आजही पूर्ण उलगडलेलं नाही, तरी भुलीशिवाय पोट उघडून घ्यायला कुणी तयार होणार नाही.

गोळ्या काम करतात का, या प्रश्नाचं उत्तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलं. आंद्रेया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, रुग्ण १,१६,४७७, औषधं २१. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांमध्ये ती सगळीच्या सगळी २१ औषधं, औषध नसलेल्या हुबेहूब गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीनं माफकच होता, बऱ्याच चाचण्यांना औषध कंपन्यांचा पैसा होता आणि बहुतेक चाचण्या आठेक आठवड्यांच्याच होत्या, हेही त्याच अभ्यासात लिहिलंय. म्हणजे गोळी जादू करत नाही. एक लागू पडली नाही तर दुसरी बघावी लागते, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि पंचविशीच्या आतल्या रुग्णावर सुरुवातीला जास्त लक्ष ठेवावं लागतं. ‘निरुपयोगी’ हा शब्द मात्र लाखाहून जास्त रुग्णांच्या त्या पुराव्यापुढे टिकत नाही.

‘श्रीमंतांचा आजार’ हे वाक्य वाचून तर मला हा माणूस कधी विदर्भात गेलाय का असं वाटलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला. सुरुवातीच्या पाहणीत शंभरातल्या चौदा-पंधरा प्रौढांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. ही कापूस-सोयाबीन पिकवणारी माणसं, पहाटे उठणारी आणि दिवसभर राबणारी. त्यातल्या जेमतेम ४.३ टक्के लोकांनी कुठे उपचार मागितले होते. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन दारोदारी बोलणं सुरू केल्यावर दीडेक वर्षात हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. तेव्हा आजार आधीपासून होता. विचारायला कुणी गेलं नव्हतं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता). मोठ्या शहरांत नैराश्याचं प्रमाण जास्त निघालं, तेवढं त्या मजकुराच्या बाजूनं धरा. पण मानसिक आजार कमी उत्पन्नाच्या गटांत जास्त दिसले, हेही त्याच पाहणीत आहे. आणि ‘आपल्या आज्यांना कुठे होतं डिप्रेशन?’ असं विचारणाऱ्यांनी आपल्याच गावात जरा चौकशी करावी. विहीर जवळ केलेल्या सुना प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. बाळंतपणानंतर जिच्या ‘डोक्यावर परिणाम झाला’ आणि जिला माहेरी आणून सोडलं, अशी एखादी आत्या किंवा चुलतआजी बहुतेक घरांत निघते. त्या बायकांना आजार नव्हता असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर पुन्हा एकदा पांघरूण घालणं आहे.

‘मरणाची भाषा करणारे मरत नाहीत.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. जागतिक आरोग्य संघटना याला गैरसमजांच्या यादीत घालते. जीव देणाऱ्या अनेकांनी आधी कुणाला तरी, कुठल्या तरी शब्दांत सांगितलेलं असतं. ‘आता सुटलो तर बरं’, ‘माझ्यामागे पोरांचं बघा’, कुणी अचानक देणी-घेणी मिटवायला लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. देशभरातल्या या मृतांपैकी चौथा हिस्सा रोजंदारीवरच्या मजुरांचा होता. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असतं असं नाही. कर्ज असतं, भांडण असतं, दारू असते. पण एवढ्या घरांत कुणीतरी काहीतरी बोललं असेल आणि दुसऱ्यानं ‘नाटकं करतोय’ म्हणून सोडून दिलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

विषय काढल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते, हीही भीती चुकीची आहे. सरळ विचारावं: ‘जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते काही ठरवलंयस का?’ असं विचारल्यानं धोका वाढत नाही, बहुतेकांना उलट सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि घरातलं तणनाशक, कीटकनाशक, साठवलेल्या गोळ्या त्याच दिवशी कुलपात किंवा घराबाहेर. ‘ज्यानं ठरवलं तो करणारच’ असं म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेकडे बघावं. तिथे १९९५ पासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. लोकांची दुःखं काही संपली नव्हती. त्या घटकेला हाताशी विष नव्हतं आणि ती घटका टळली.

पहाटे उठा, काम करा, यात थोडं तथ्य आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगथ’ संस्थेनं हेच शास्त्रशुद्ध करून पाहिलं. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे वळवलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. ज्यांना या भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यातले ३९ टक्के. पण तिथे कुणी ‘उठ, आळशीपणा सोड’ म्हणालं नव्हतं. आज फक्त अंगणात जा, उद्या बहिणीला फोन कर, न जमल्यास का जमलं नाही ते आपण बघू, असं कुणीतरी सोबत बसून ठरवत होतं. ज्याला आंघोळीला उठणं जड जातंय त्याला पाच वाजता उठून सूर्यनमस्कार घालायला सांगणं म्हणजे त्याच्या अपराधीपणात भर. आणि २१ दिवसांच्या आकड्याला आधार काय, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

बी-१२, थायरॉइड, रक्तक्षय यांनी नैराश्यासारखी लक्षणं येतात हे बरोबर. म्हणूनच चांगले डॉक्टर आधी रक्त तपासतात. वहिनीचंही तपासलं होतं, सगळं ठीक निघालं होतं.

शिक्क्याबद्दल मी भांडणार नाही, तो बसतो. लग्नाच्या बोलण्यात बसतो, ऑफिसात बसतो. पण तो डॉक्टर मारत नाहीत, आपण मारतो, असले मजकूर पाठवून. कायदा तरी रुग्णाच्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू २९ मे २०१८ पासून. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यात आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षा करू नये, हेही. तेव्हा ‘पोलीस केस होईल’ म्हणून विष घेतलेल्या माणसाला घरीच ठेवू नका.

ज्यांना हे आत्ता लागणार आहे त्यांच्यासाठी: सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतही मिळते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागाची चौकशी करा. पहिल्या भेटीला घरातलं कुणीतरी सोबत जा, आणि चालू-बंद सगळ्या गोळ्यांची पाकिटं, झोपेच्या गोळीचंही, बरोबर न्या. कुणी वाचून-ऐकून मध्येच गोळी थांबवली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लपवून ठेवलं तर पुढची मात्रा चुकते.