‘प्रश्न विचारून काही होत नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकमित्रांना

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. प्रश्न विचारत शिकवणं प्रशिक्षणात ऐकायला छान वाटतं, पण प्रत्यक्षात मुलं तोंड उघडत नाहीत. बोलतात ती तीच चार-पाच. साठ मुलांत हे जमत नाही, परदेशातलं खूळ आहे आणि पोर्शन मागे पडतो. त्यापेक्षा नीट समजावून सांगा, फळ्यावर लिहून द्या आणि मोकळे व्हा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे या मजकुरामागचा थकवा मला कळतो. पण तो वाचून एखादा नवा शिक्षक प्रश्न विचारणंच सोडून देईल, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

‘मुलं उत्तरच देत नाहीत.’

आपण विचारतो काय, ते आधी बघू या. ‘समजलं का सगळ्यांना?’ यावर वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो. ज्याला काहीच कळलेलं नाही, तोही म्हणतो. ‘वनस्पती आपलं अन्न स्वतः तयार...?’ यावर ‘करताऽत!’ येतं. यात मुलाला विचार करायला जागाच नाही. बालभारतीच्या परिसर अभ्यासात ‘सांगा पाहू’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी असतात. त्यातले प्रश्न चांगले असतात, पण बरेचदा आपण ते वाचतो आणि त्याच दमात उत्तरही सांगून टाकतो.

अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही, की दुसऱ्या मुलाकडे वळायचे किंवा स्वतःच बोलायचे. हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरं लांबली, न बोलणाऱ्यांचं प्रमाण घटलं, मुलं आपणहून बोलू लागली. शिक्षकांनी ज्यांना ‘कच्ची’ ठरवलं होतं, त्यांना आधी सर्वांत कमी वेळ मिळत होता आणि थांबण्याचा फायदा त्यांनाही झाला. वर्गात तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. मनात तीन आकडे मोजावे लागतात, इतकी आपल्याला बोलत राहायची सवय असते.

‘तीच चार-पाच मुलं बोलतात.’

हे खरं आहे. पण ‘कोण सांगेल?’ असं आपणच विचारतो ना? ज्याला येतं तो हात वर करतो आणि बाकीच्यांची सुटका होते. म्हणून आधी प्रश्न, मग थांबणं आणि शेवटी नाव, हा क्रम पाळावा. नाव आधी घेतलं, की उरलेला वर्ग डोकं बंद करतो.

याहून चांगलं साधन आपल्याकडे आधीच आहे, ते म्हणजे पाटी. ‘एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश, यांत मोठा कोणता? पाटीवर लिहा, कोणी कोणाचं बघू नका.’ मग ‘पाट्या वर!’ एका नजरेत अख्खा वर्ग दिसतो. बऱ्याच पाट्यांवर एक चतुर्थांश असतं. ‘तुला असं का वाटलं?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘बाई, तीनपेक्षा चार मोठे.’ या मुलाने पूर्णांकांचा नियम अपूर्णांकांना लावला आहे, हे तिथेच कळतं. मग भाकरीचे तीन आणि चार वाटे करून दाखवता येतात. नुसतं ‘चूक, बस खाली’ म्हटलं असतं, तर गैरसमज तसाच राहिला असता आणि ते मूल पुन्हा बोललं नसतं.

गप्प राहण्याचं आणखी एक कारण आहे, त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. नंदुरबारकडचं मूल घरी भिली किंवा पावरी बोलतं, जळगाव-धुळ्याकडचं अहिराणी. त्याने बरोबर उत्तर त्याच्या बोलीत दिलं आणि बाईंनी आधी उच्चार सुधारला, वर्ग हसला, तर पुढच्या वेळी ते तोंड कशाला उघडेल? आधी उत्तर स्वीकारा. प्रमाण मराठीतला शब्द नंतर सहज बोलण्यात आणता येतो.

‘साठ मुलांत शक्य नाही.’

साठ मुलं असणं हाच अन्याय आहे. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण तोवर गर्दीला चालणारी पद्धत आहे : आधी एकट्याने विचार, मग शेजारच्याशी चर्चा, मग वर्गात सांगणं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी ती 1981 मध्ये मांडली. साठ मुलांच्या तीस जोड्या होतात आणि दोन मिनिटांत प्रत्येकाला बोलायला मिळतं. कलकलाट होतो, तो होऊ द्यावा. शिवाय शेजाऱ्याजवळ एकदा बोलून झालेलं असलं, की लाजरं मूलही वर्गासमोर धीराने सांगतं.

‘हे परदेशातलं खूळ आहे.’

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये सोळा ग्रामीण शाळांत सुरू झाला आणि पुढे शेकडो सरकारी शाळांत गेला. मुलं प्रयोग करायची, निष्कर्षावर वाद घालायची, परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरं लिहायची. त्यांचे प्रश्न पोस्टाने ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक पात्राकडे जायचे आणि त्यांना उत्तरंही यायची. खेड्यातल्या मुलांना प्रश्न पडत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी ती पत्रं डोळ्यांपुढे आणावीत. हा कार्यक्रम 2002 मध्ये सरकारने बंद केला, पण तीस वर्षं तो चालला होता.

‘पोर्शन मागे पडतो.’

एका तासात वीस प्रश्न विचारले आणि प्रत्येकी दोन सेकंद जास्त थांबलं, तर चाळीस सेकंद जातात. हजेरीला याहून जास्त वेळ लागतो. जोडीतली चर्चा आणि पाट्या धरल्या, तर पाच-सात मिनिटं जातील, हे मी मान्य करते. तेवढी मी फळ्यावरून उतरवून घेण्यातून काढते. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, असं ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. त्या मुलांच्या शिक्षकांच्या टाचणवह्यांतही (पाठांच्या नोंदवह्यांतही) दरवर्षी ‘घटक पूर्ण’ असंच लिहिलेलं असणार.